लोखंडी घोडी आणि राखून ठेवलेल्या चिठ्ठ्या

मित्रांनो, घोडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लगाम, शेपूट आणि टापा येतील. माझ्याकडे यातलं काही नाही. चार पाय आहेत, पण एकही स्वतःहून उचलता येत नाही. मी लोखंडी नळ्यांची, कमरेइतकी उंच, आता पुष्कळ जुनी झालेली चौकट. ज्यांचं खुब्याचं हाड मोडलं, ज्यांच्या आत नवा गोळा बसवला, त्यांनी मला दोन्ही हातांनी धरायचं, पुढे ठेवायचं आणि मागून एकेक पाऊल टाकायचं. शहरात मला वॉकर म्हणतात. आमच्या धाराशिवच्या भागात सगळे घोडीच म्हणतात. पाठीवर कुणी बसत नाही, तेवढं एक सुख. तेही पुरतं खरं नाही. कोंबड्या बसल्या आहेत. ते पुढे सांगेनच.

माझा जन्म सोलापुरात, बसप्पाच्या वेल्डिंगच्या दुकानात झाला. बसप्पा खाटा करायचा, दुधाचे कॅन ठेवायच्या घडवंच्या करायचा. एका हाडांच्या डॉक्टरांनी कागदावर माझं चित्र काढून दिलं, तसं त्यानं नळ्या कापल्या, वाकवल्या, सांधल्या. मग स्वतः कमरेत वाकून, म्हाताऱ्यासारखा कण्हत, मला घेऊन दुकानभर फिरला. शेजारचे लोक हसले. तो हसला नाही. "हिला पडायला भ्यालेलं माणूस धरणार," तो म्हणाला. "डगमगली तर माणूस पुन्हा हिच्यावर विश्वास ठेवायचं न्हाय." शेवटी त्यानं माझ्या चारही पायांत जाड रबरी बूट घातले आणि ठोकून पाहिले. ते चार बूट म्हणजे माझा सगळा जीव. एक जरी गेला तरी मी लंगडी. ही गोष्ट बसप्पाला कळत होती. पुढे ज्यांच्या घरी गेले त्यांना कळायला फार वेळ लागला.

ती लागोपाठची कोरडी सालं होती. माकणीच्या अलीकडे, तेरणेच्या काठाला एक गाव आहे. नदीत तेव्हा वाळूच होती. गावाला पाणी टँकरनं यायचं. टँकर विहिरीत रिकामा व्हायचा आणि बायका धावत पोहरे सोडायच्या. त्या गर्दीत गजराबाई पडल्या. वय साठीला टेकलेलं, डोक्यावर दोन घागरी, काठावर चिखल. डाव्या खुब्याचं हाड मोडलं.

गजराबाई साध्या बाई नव्हत्या. गावात कुणाचंही लेकरू जन्मलं की त्याला न्हाऊ घालायला त्यांनाच बोलावणं. पाटावर बसायचं, पाय लांब पसरायचे, तेल लावलेलं लेकरू पायांवर आडवं घ्यायचं आणि असं चोळायचं की ते आधी किंचाळतं आणि मग दुपारपर्यंत झोपतं. "निम्मं गाव माझ्या पायांवरनं खाली उतरलंय," असं त्या म्हणत. आणि आता त्यांची धाकटी लेक, परंड्याला दिलेली नागूबाई, पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. सोलापूरला, माझं चित्र काढणाऱ्या त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या त्यांना पायाची काळजी नव्हती. काळजी एकच. नागूच्या लेकराला कोण न्हाऊ घालणार?

ऑपरेशनचं ठरवायला त्यांच्यासोबत गावच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी आबाराव आले होते. संस्थेनं लिटरमागे थोडंथोडं बाजूला काढून सभासदांसाठी मदतीचा निधी जमवला होता. डॉक्टर एकेक गोष्ट सांगू लागले: ऑपरेशनचं इतकं, गोळ्याचं इतकं, खाटेचं इतकं. आबारावांचा जन्म विहिरींची कामं बघण्यात गेलेला. त्यांनी हातच जोडले.

"डॉक्टरसाहेब, असं फुटकळ नका सांगू. आज एक सांगाल, उद्या दुसरं निघंल. आमच्याकडं विहिरीचं गुत्तं देतात तसं करा. एकच आकडा. त्यात सगळं आलं."

गुत्तं म्हणजे ठरलेल्या एका रकमेत पुरं काम. डॉक्टरांनी समोरचा कागद बाजूला सारला.

"चालेल," ते म्हणाले. "पण मग कामही पुरं घ्या. मी मांडी कापायचे पैसे घेणार नाही, बाई चालायला लागायचे घेईन. ऑपरेशन, आतला पोलादी गोळा, पंधरा दिवसांची खाट, टाके, ही घोडी आणि घरी गेल्यावरचे तीन महिने. त्या तीन महिन्यांत काही बिघडलं तर दुरुस्ती माझ्या अंगावर."

"झालं!" आबाराव म्हणाले. ते इतके खूष झाले की 'तीन महिने' हे शब्द त्यांच्या कानाजवळून निघून गेले. मी भिंतीला टेकून उभी होते. मी ऐकले.

घरी निघताना डॉक्टरांनी सहा पिवळ्या चिठ्ठ्या दिल्या. एकेक चिठ्ठी म्हणजे उमरग्याच्या दवाखान्यातली एक फेरी. तिथल्या व्यायामाच्या बाई पाय बघणार, व्यायाम शिकवणार, काही वाकडं दिसलं तर सोलापूरला कळवणार. पैसे आधीच दिलेले.

"आणि खाली बसायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "मांडी नाही, उकिडवं नाही, पाटावर नाही. गोळा अजून आत नीट धरलेला नाही, वाकलात तर निसटेल. बसायला खुर्ची किंवा बाज. उठायला घोडी."

"आन् लेकराला न्हाऊ घालायला?"

"नाही."

"पाय तर लांबच असत्यात की. त्यात मांडी कुठं आली?"

"आजी, नाही म्हणजे नाही."

"बरं," गजराबाई म्हणाल्या. मित्रांनो, त्या 'बरं'चा अर्थ त्या डॉक्टरांना कळला नाही. शहरातलं माणूस. मला मात्र तेव्हाच धडकी भरली.

गावी पोचलो. पहिले आठ दिवस माझा मान काय सांगू! लोक 'लोखंडी पाय' बघायला यायचे आणि आधी मलाच हात लावून बघायचे. आबाराव पारावर सांगत सुटले, "गुत्तं फिटलं. बाई चालत घरात गेली, म्या डोळ्यानं बघितलं." गजराबाईंची सून सत्यभामा शिकलेली, बोलायला कमी पण नजरेची पक्की. तिनं सहा चिठ्ठ्या मोजून सासूच्या हातात दिल्या आणि पहिल्या बाजाराच्या दिवशी नवऱ्याला, व्यंकटला, सोबत पाठवून त्यांना एसटीनं उमरग्याला धाडलं.

व्यायामाच्या बाईंनी त्यांना पलंगावर झोपवलं. पाय सरळ वर उचला, धरा, खाली ठेवा. बाजूला न्या, आणा. टाच दाबा. दहादा. मग मला धरून व्हरांड्यात चार फेऱ्या.

परतीच्या एसटीत गजराबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "व्यंकट, उताणं पडून पाय हलवायला एवढ्या लांब आनलंस व्हय रं मला? ते तर म्या घरी बाजंवर पडून बी हलविते."

पण घरी त्या हलवत नव्हत्या. घरी बाजेवर पडलं की त्यांना शेंगा फोडायच्या असत.

उरल्या पाच चिठ्ठ्या. त्या त्यांनी साखरेच्या डब्यात ठेवल्या. त्या काळी रेशनची साखर घरोघरी सणासाठी राखून ठेवत, रोज गूळ. गजराबाईंच्या मते चिठ्ठ्याही तशाच. पैसे भरलेली वस्तू, उगा कशाला उडवायची? त्यांचे मालक लिंबाजी गुडघ्यानं हैराण होते. "ह्यांच्या गुडघ्याला होतील," असं त्या डब्याचं झाकण लावताना मनाशी पुटपुटल्या. मी कोपऱ्यातून ऐकलं. मित्रांनो, खुब्याच्या ऑपरेशनची चिठ्ठी नवऱ्याच्या गुडघ्याला! आणि यात त्यांना काहीच खटकत नव्हतं. स्वतःसाठी खर्च करायचं नाही आणि दुसऱ्यासाठी राखून ठेवायचं, हेच त्यांनी जन्मभर केलेलं. त्या साखर राखायच्या तशा स्वतःचा पाय राखून ठेवायला निघाल्या होत्या.

"आत्या, उद्या बाजार. उमरग्याला जायचं ना?" सत्यभामा विचारायची.

"ह्या बाजारी न्हाय. पुढल्या."

पुढल्या बाजारी पाहुणे. त्याच्या पुढल्या बाजारी एसटी चुकली. त्याच्या पुढल्या बाजारी नागूबाई आली, पोट पुढे घेऊन, आणि मग उमरग्याचं नावच निघेना.

तेवढ्यात लिंबाजींनी काय करावं? त्यांची काठी शेणानं सारवलेल्या जमिनीवर घसरायची. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मागच्या उजव्या पायातला बूट ओढून काढला आणि आपल्या काठीला घातला. अगदी चपखल बसला. "वा!" म्हणाले आणि खुशीत चावडीकडे गेले. दुसऱ्या दिवशी गजराबाईंनी मला धरलं, तर मी खटखट डगमगले.

"घोडी लंगडती की," त्या म्हणाल्या. "जाऊ द्या तिकडं. म्या भिताडाला धरून जाते."

बसप्पा, तुझं बोलणं त्या दिवशी खरं झालं.

मग माझे धिंडवडे. आधी माझ्यावर गोधड्या वाळल्या. मग माझ्या आडव्या नळीवर पाण्याची कळशी टांगली. शेवटी मला माळवदावर नेऊन टाकलं, धाब्याच्या त्या मातीच्या छपरावर, उन्हात. तिथे कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या आणि बसून जे करायचं ते करू लागल्या. सत्यभामेनं दोनदा मला खाली आणलं, धुतलं, सासूच्या बाजेजवळ ठेवलं. दोन्ही वेळेस लिंबाजींनी "अडचण हुतीया" म्हणत मला वर पोचवलं. सत्यभामेला सासऱ्याला उलट बोलता येईना. मला वाटायचं, बोल की गं बाई, एकदा तरी बोल!

नागूबाईला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी मायलेकी दवाखान्यातून घरी आल्या. सत्यभामेनं आधीच सांगून ठेवलं होतं, "आत्या, न्हाऊ मी घालते. तुम्ही बाजेवर बसून सांगा." गजराबाई म्हणाल्या, "बरं."

पुन्हा तेच 'बरं'.

सातव्या दिवशी सकाळी टँकरचा भोंगा वाजला आणि सत्यभामा घागर घेऊन पळाली. लिंबाजी चावडीवर, व्यंकट दूध घालायला. मी माळवदाच्या कडेला आडवी पडले होते, तिथून अंगणातली न्हाणी सरळ खाली दिसते. गजराबाई भिंत धरत धरत आल्या. चुलीवरचं ऊन पाणी घंगाळात ओतलं. डाळीचं पीठ, तेलाची वाटी, सगळं हाताशी मांडलं. मग त्यांनी पाट ओढला.

"माय, नको गं," नागू दारातून म्हणाली. "वहिनी येऊ दे."

"तुझी वहिनी कालची पोर. आन हिकडं माझी सोन्याची बाहुली."

मी वरून ओरडत होते. लोखंडाचं ओरडणं कुणाला ऐकू येणार? त्या भिंतीला पाठ लावून सरकत सरकत खाली बसल्या. पाय पसरले. लेकरू पायांवर घेतलं. आणि मित्रांनो, खरं सांगायला हवं. त्यांचा हात त्या इवल्याशा पाठीवर फिरू लागला तेव्हा माझाही राग क्षणभर विरला. जवळजवळ दोन महिने त्या घरात कुणाचं तरी ओझं होऊन वावरत होत्या. त्या पाटावर त्या पुन्हा गजराबाई झाल्या. लेकरू किंचाळलं, त्या हसल्या, त्याला पालथं केलं आणि बाजूचा तांब्या घ्यायला पुढे वाकून वळल्या.

कट् असा आवाज आला. तो मला माळवदावर ऐकू आला.

त्यांचा चेहरा पांढरा फटक पडला. डावा पाय आत वळला आणि आखडला. अंगावर तेलानं निसरडं झालेलं सात दिवसांचं लेकरू. पण त्यांचे हात सुटले नाहीत. दोन्ही पंजांत त्यांनी लेकरू धरून ठेवलं, ओठ चावले आणि दारातून आत येणाऱ्या सुनेला ओरडल्या, "सत्यभामे, आधी लेकरू घे!"

दुष्काळातली भरली घागर सत्यभामेनं तिथंच सोडून दिली. पाणी अंगणभर गेलं. तिनं लेकरू उचललं, नागूच्या कुशीत दिलं आणि मग पहिल्यांदा तिचा आवाज चढला. सासऱ्यावर नाही, नवऱ्यावर नाही, दारात जमलेल्या शेजाऱ्यांना माळवद दाखवत. "ती घोडी खाली आणा कुणीतरी! आणि संस्थेची गाडी थांबवा!"

दुधाची गाडी निघतच होती. कॅन बाजूला सारून गादी टाकली. गजराबाई, व्यंकट, आबाराव आणि मी असे सोलापूरला निघालो. वाटेत आबाराव सारखे कपाळ पुसत होते. "आता पुन्हा नवीन गुत्तं. सभासद मला फाडून खातील."

डॉक्टरांनी पाय पाहिला. "गोळा निसटलाय. भूल देऊन बसवतो."

"किती होतील?" आबारावांनी चाचरत विचारलं.

"ऑपरेशन होऊन किती दिवस झाले?"

"सत्तर-बहात्तर."

"मग माझ्या अंगावर. ठरलंय तसं. फक्त चिठ्ठ्या दाखवा. उमरग्याच्या बाईंनी पाय पाहून काय लिहिलंय ते बघतो."

गजराबाईंनी कमरेची चंची सोडली. कळ येत होती तरी त्यांनी ती काळजीपूर्वक उलगडली. साखरेचा डबा लेकी-सुनांच्या हाती सोडून कसं निघायचं म्हणून निघताना त्यांनी डबा मागवून चिठ्ठ्या काढून घेतल्या होत्या. पाच पिवळ्या चिठ्ठ्या, घडी न मोडलेल्या, साखरेचे दोन-चार दाणे चिकटलेल्या.

"ह्या हाइत. येकच वापरली. बाकीच्या ह्यांच्या गुडघ्याला ठिवल्यात."

मी इतके डॉक्टर पाहिले, पण असा अवाक् झालेला माणूस पाहिला नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग ते आबारावांकडे वळले.

"विहिरीला पाणी लागलं की गुत्तेदार निघून जातो का?"

"जाईल कसा? आतून दगडानं बांधून द्यावी लागती."

"नाही बांधली तर?"

"मुरूम ढासळतो की. चार महिन्यांत विहीर बुजती."

"बांधायचे पैसे वेगळे?"

"न्हाय, गुत्त्यातच..." आबाराव बोलता बोलता थांबले. त्यांनी त्या पाच चिठ्ठ्यांकडे पाहिलं. मग डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. "म्हंजे ह्या चिठ्ठ्या म्हंजे बांधकाम हुतं. आन म्या गावभर सांगितलं, गुत्तं फिटलं."

गोळा बसला. नशीब म्हणायचं, आतलं काही तुटलं नव्हतं. तीन आठवडे दोन पायांमध्ये उशी बांधून उताणं पडणं आलं. नातीचं बारसं झालं तेव्हा गजराबाई सोलापुरात छताकडे बघत होत्या. त्यांनी ते कुणाला बोलून दाखवलं नाही. मी शेजारी उभी होते म्हणून मला कळलं.

घरी आलो तेव्हा लिंबाजी दारातच होते. ते खाली वाकले, आपल्या काठीचा बूट काढला आणि माझ्या पायात घातला. हातानं ठोकूनही पाहिला, बसप्पासारखा. नंतर कित्येक दिवस ते भिंत धरून चालत होते.

आता दर बाजाराला गजराबाई दुधाच्या गाडीनं उमरग्याला जात. आबाराव स्वतः गाडी थांबवायचे. झोपून पाय हलवणं, दहादा, वीसदा. एकेक चिठ्ठी त्या हातातून अशी सोडायच्या जशी काही पाटली उतरवून देतायत. पण सोडायच्या. आणि रोज सकाळी न्हाणीत वेगळाच तमाशा. पाय सत्यभामेचे, लेकरू नागूचं आणि तोंड गजराबाईंचं. त्या मला धरून उभ्या.

"मान धर! पाणी कोपरानं बघ आधी. अगं, पाठ हाय ती, भाकर थापल्यागत काय थापतीस?"

"आत्या, तुम्ही घोडी सोडू नका, मी लेकरू सोडत नाही."

पाचवी चिठ्ठी संपली त्या आठवड्यात त्या मला सोडून काठीनं दूध घालायला संस्थेत गेल्या. मी अंगणात उभी राहून बघत होते. माझी तारीफ कुणी केली नाही. चालतं माणूस मागे वळून घोडीकडे बघत नाही, आणि तसंच असावं.

त्यानंतर संस्थेनं मला ठेवून घेतलं. ज्याला गरज, त्याच्या घरी मी जायची. माझ्या दांडीला सुतळीनं चिठ्ठ्या बांधलेल्या असत. आबारावांचा नियमच होता: घोडी परत करताना सगळ्या चिठ्ठ्या वापरलेल्या दाखवायच्या. सात-आठ घरं मी फिरले. काहींनी जपलं, काहींनी माझ्यावर कांदे टांगले. पुढे बरीच वर्षं मी संस्थेच्या गोदामात गळक्या कॅनांमध्ये गंजत पडले होते. शहरातून हलक्या, चकचकीत घोड्या येऊ लागल्या होत्या.

आणि मग यंदा लिंबाजी खळ्यावर घसरून पडले. खुबाच मोडला, गुडघा नव्हे. तेच डॉक्टर, तसंच गुत्तं, सहा पिवळ्या चिठ्ठ्या. गजराबाईंनी नवी घोडी घेऊ दिली नाही. मला गोदामातून काढून त्यांनी स्वतः राखेनं घासलं, नवे बूट आणवले.

रोज सकाळी त्या काठी टेकत मालकांच्या उशाशी उभ्या राहतात. "उचला पाय. अजून चार ऱ्हायलेत. म्या मोजते हाय."

परवा शेवटच्या फेरीचा दिवस होता. दुधाची गाडी दारात भोंगा वाजवत होती. सत्यभामेनं दांडीवरची सुतळी पाहिली, तर चिठ्ठी नाही. सगळं घर शोधू लागलं. लिंबाजी मला धरून उभे, नजर छताकडे. माझ्या दांडीवरची त्यांची बोटं घामेजलेली मला जाणवत होती. चिठ्ठी कुठे होती ते मला ठाऊक होतं. पहाटे त्यांनी ती सोडवून फेट्याच्या घडीत खोचली होती.

गजराबाईंनी त्यांच्याकडे नुसतं एकदा पाहिलं.

"व्यंकटची कंबर दुखतीया म्हनं," लिंबाजी हळूच म्हणाले. "त्याला झाली असती..."

मित्रांनो, मी जुनी आहे, थकले आहे, आणि तुमच्या सगळ्यांच्या घरी येऊन हेच सांगायचं बळ माझ्यात उरलेलं नाही. तुमच्या घरात कुणी दवाखान्यातून परत आलं असेल, तर काम तिथे संपलं असं समजू नका. उरलेलं निम्मं काम तुमच्या दारात येऊन उभं आहे. मला माळवदावर टाकू नका. माझे बूट काढू नका. आणि स्वतःच्या वाटणीची काळजी उद्यासाठी, दुसऱ्यासाठी, डब्यात राखून ठेवू नका. तिथे ती वाढत नाही, नुसती साखर चिकटते. माझं नाही तर गजराबाईंचं तरी ऐका. त्यांनी आपली काठी भिंतीला टेकवली, हात पुढे केला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"काढा ती चिठ्ठी."